साहेबाच्या फोनात मी

नाचणगाव,
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

फोन न करता पाकीट पाठवलं म्हणून घाबरू नको. बाबा बरे आहेत, मीही धडधाकट आहे. पण माझा फोन आता माझा राहिलेला नाही, म्हणून पोस्टात गेले.

बेलझरीचं तुला अर्धंच कळलंय. ते माझं आजोळ, दवाखान्याची सुट्टी असली की तिथल्या बायांचं बी.पी. बघायला मी जाते, हे तुला माहीतच आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि नाल्याच्या काठाला मोहाच्या भट्ट्या धडधडतात. बायांनी अर्जावर अर्ज केले. कोणी आलं नाही. शेवटी जानेवारीत आम्ही सगळ्याजणी दारूचे कॅन डोक्यावर घेऊन ठाण्याच्या दारात गेलो, तिथं ओतले आणि तिथंच बसलो. ना दगड, ना शिवी. गुन्हा कोणावर झाला? भट्टीवाल्यावर नाही. माझ्यावर. शासकीय कामात अडथळा. त्या घोळक्यात शिकलेली नर्स मी, म्हणून भडकवणारी मी!

जामीन मिळाला, पण कोर्टानं अट घातली. फोन कायम चालू ठेवायचा, लोकेशन कायम चालू ठेवायचं आणि ते तपास करणाऱ्या साहेबाला कायम दिसलं पाहिजे. वर उपग्रह फिरतात, त्यांच्यावरून फोन स्वतःची जागा ओळखतो, आणि ती जागा ठिपका होऊन साहेबाच्या फोनात उमटते. मी जेवते, आंघोळ करते, झोपते, तेव्हा त्याच्या खिशात असते.

परवा मला निघायला उशीर झाला. पाळी आली होती, पोट दुखत होतं. लगेच मेसेज: 'आज ड्यूटी नाही का मॅडम?'

आत्या, मी सत्तावीस वर्षांची बाई आहे. कुठं चाललीस, हे बाबांनीसुद्धा मला कधी विचारलं नाही. फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. पण बंद झाला तर अट मोडली, आणि अट मोडली तर पुन्हा आत.

तुझी,
प्रेरणा


आष्टी,
१ मार्च २०२४

प्रेरणा बाई,
आशीर्वाद.

पत्र भेटलं. तू रागानं लिहिलं हे अक्षरावरूनच समजलं. कागद फाटाचा बाकी राह्यला होता.

पोरी, जामीन भेटला हे का कमी हाय? अंकितले वाचून दाखवलं. तो म्हणते, "आई, लोकेशन तर सगळेच देतात. गाडी बोलावली तरी देते माणूस." मले त्यातलं समजत नाई. पण आपण कोणाचं काई चोरलं नाई, मंग दिसला ठिपका तर दिसू दे. साहेबाले उलटून बोलू नको. हो सर म्हणजो अन् केस निपटवजो. तुह्या बापाचा सोभाव आला तुह्यात. तोही मिलमध्ये असाच भांडे, अन् मंग घरी बसे.

अंकितची यंदा पोलीस भरती हाय. उजाडाच्या आंधी मैदानावर पळाले जाते. घरात खाकीचं कापड आलं नाई, पण त्याच्या डोक्यात आतापासूनच कडक इस्तरी हाय.

माह्या मालकाले, अण्णाजीले, जाऊन वर्ष होते. त्याईच्या पुण्यानुमोदनाले दोन दिवस ये. तुह्याविना मले घर सुनं वाटते. मनावरचं वझं उतरंल तुह्यं.

तुही आत्या,
सुलोचना


नाचणगाव,
२२ मार्च २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझ्याकडचे दोन दिवस बरे गेले. तुझ्या हातचा झुणका खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. पण पुलगावला बसमधून पाय खाली ठेवते तोच मेसेज आला: 'आष्टीला दोन दिवस मुक्काम? कोण आहे तिथे?' मी लिहिलं, आत्या. त्यावर तो: 'बरेच नातेवाईक आहेत तुमचे.'

पुढचं लिहू की नको, असं होतंय. लिहिते. माझ्या छातीत एक गाठ लागत होती. सोमवारी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जाऊन तपासून घेतली. साधी निघाली, काळजी करू नको. बाबांना मी सांगितलं नव्हतं. म्हातारा माणूस, रात्रभर जागला असता. पण बाहेर येऊन चप्पल घालत होते तर फोन वाजला: 'तब्येत बरी नाही का? लेडीज डॉक्टरकडे होत्या.'

माझ्या शरीराची बातमी माझ्या बापाच्या आधी त्या माणसाला! आणि तू म्हणतेस, दिसला तर दिसू दे. मी रोज बायांचे पडदे ओढून त्यांना तपासते. त्यातल्या एकीनंही काही चोरलेलं नसतं. तरी पडदा ओढतेच ना मी?

बेलझरीतल्या कौशल्याबाईंबद्दल तुला सांगितलं होतं. नाल्याकडच्या शेवटच्या घरातली. भट्टी कुठं हलवली हे तीच आम्हाला गुपचूप कळवते, कारण तिचा नवरा तिथंच राबतो आणि तिथंच पितो. भट्टीवरच्या उकळत्या रसायनानं तिचा हात भाजलाय, जखम चिघळली आहे. तिला दवाखान्यात यायची सोय नाही, म्हणून मीच जाऊन पट्टी करते. बेलझरीला जायला कोर्टानं मनाई केलेली नाही. तरी मी आधी चार घरं फिरते, बी.पी. बघते आणि मग तिच्याकडे जाते. नर्स आहे, नर्सचं काम करते आहे. यात कोणाला काय दिसणार?

तुझी,
प्रेरणा


आष्टी,
७ एप्रिल २०२४

प्रेरणास,
आशीर्वाद.

जयंतीले इकडं येणार म्हणलती तू. या वर्षी राहू दे. घराले रंग देणं चालू हाय, सामान सगळं आंगणात पडलं. अंकितचाही अभ्यास हाय, पाहुणे आले का त्याचं ध्यान जाते. थोडे दिवस येऊ नको. मी सांगीन तवा येजो.

गाठीचं ऐकून काळजी वाटली. औषध घेजो.

सुलोचना


नाचणगाव,
१८ एप्रिल २०२४

आत्या,

कौशल्याबाईंचा हात मोडला. मी ज्या हाताला पट्टी बांधली, तोच मोडला.

७ तारखेच्या रविवारी भरउन्हात गेले होते. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जखम धुतली, पू काढला, वेळ लागला. घरी आल्यावर साहेबाचा मेसेज: 'बेलझरीत पाऊण तास एकाच घरी? कोण पेशंट?' मी उत्तर दिलं नाही. माझी पेशंट कोण हे मी त्याला का सांगू? त्यानंतर चार दिवसांनी भट्टीवाल्याची माणसं तिच्या घरात शिरली. नवरा खाटेवर पडून बघत होता.

ती आता सरकारी दवाखान्यात आहे. मी भेटले. ओठ सुजलेला, बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "बाई, मारता मारता एक जण इच्यारे, ते नर्स तुह्या घरी पाऊण तास काय करून राह्यलती?"

पाऊण तास! मी घड्याळ पाहिलं नव्हतं. तिच्या घरात घड्याळ नाही. ते मोजलं त्या फोननं आणि वाचलं एका माणसानं. त्याच्याकडून ते भट्टीवर कसं गेलं? हे मला कोर्टात सिद्ध करता येणार नाही, पण तुला सांगते, मला माहीत आहे. तिचं नाव आम्ही कोणी कधी घेतलं नाही. मार खाऊनही तिनं आमचं घेतलं नाही. मी चालत गेले आणि माझ्या पायांनी तिचं घर दाखवून आले.

आणि तू! जयंतीच्या दिवशी मी बाबांसोबत पंचशील म्हणून घरी येऊन बसले. बाजूच्या मायाकाकूंनी मागच्या आठवड्यात हात जोडले, म्हणाल्या, "पोरी, वाईट वाटून घेऊ नको, पण फोन घेऊन आमच्या घरात येऊ नको." निदान त्यांनी तोंडावर सांगितलं. तू रंगाचं कारण दिलंस. उन्हाळ्यात रंग देणारी, जयंतीला भाचीला दार बंद करणारी तू नव्हतीस. जामिनावरची पोरगी घरात आली की भरतीवाल्या मुलाला डाग लागतो, असं सरळ लिहायचं होतंस.

प्रेरणा


आष्टी,
३ मे २०२४

प्रेरणा माय,

तुह्यं पत्र उशीखाली ठेवून आठ दिवस झोपली मी. आता खरं लिहिते.

रंग नाई दिला. तू गेल्यावर दहा दिवसांनी दोघं जण मोटरसायकलनं आले. साधे कपडे. आंगणातच उभं राहून इचारलं, "प्रेरणा तुमची कोण? दोन दिवस इथं कायले राह्यलती? कोण कोण भेटाले आलतं?" म्या सांगतलं, माह्या मालकाचं पुण्यानुमोदन होतं, सारं गाव आलतं. तं म्हणे, "साऱ्या गावाची नावं सांगा."

शेजारपाजार दारात येऊन उभा. अण्णाजीनं या गावात तीस वर्षं शाळा शिकवली. त्याईच्या आंगणात मले चोरासारखं उभं केलं.

मंग अंकित मैदानावरून आला. त्याले पाहून एक जण हासला. म्हणे, "भरतीवाला हाय वाटते. चांगलं पळतं का? पळ, पळ. चारित्र्य पडताळणी मंग आमच्याचकडं येते." नाव लिहून घेतलं अन् पाणी पिऊन गेले. म्याच देल्लं पाणी.

म्हून तुले येऊ नको म्हटलं. भेव वाटलं, पोरी. तुह्यावर राग नव्हता. पण ठिपक्यात काय हाय म्हणणारी मीच होती, अन् तो ठिपका माह्या चुलीपाशी येऊन बसला.

कौशल्याबाईचं वाचून जेवण गेलं नाई. पण आता एक आईक. भांडू नको. केस संपू दे. पोराची भरती होऊ दे. मंग तू म्हणशीन ते.

आत्या


नाचणगाव,
१५ जुलै २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

इतके दिवस उत्तर दिलं नाही. रंगावरून तुला जे बोलले त्याची लाज वाटत होती, आणि तुझ्या शेवटच्या ओळींचा रागही येत होता. दोन्ही अजून आहेत.

मधल्या काळात मी कोणाच्याच घरी गेले नाही. घर आणि दवाखाना, दवाखाना आणि घर. कोणाकडे गेले तर त्याच्या दारात मोटरसायकल येईल, ही धास्ती. साहेबानं तेही विचारलं: 'आजकाल कुठे फिरत नाही?'

पण एक चांगली बातमी. आमच्या वकील सरिताताई धावतच दवाखान्यात आल्या. ८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात निकाल दिलाय. जामिनावर सोडलेल्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येत नाही, तो घटनेनं दिलेल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मी तिथंच, सलाइनच्या स्टँडला धरून रडले. म्हणजे मी वेडी नव्हते.

ताई म्हणाल्या, अट रद्द करायचा अर्ज टाकू, तो मंजूर होईलच. पण मला तेवढ्यावर सोडायचं नाही. त्या ठिपक्यावरून कोणाकोणाला त्रास दिला, हे मला कागदावर आणायचं आहे. माझ्याकडे मेसेज आहेत. कौशल्याबाई आंजीला भावाकडे गेली आहे, ती कोर्टाचं नाव काढलं तरी दार लावून घेते, तिला मी आणणार नाही. मायाकाकूंनी नाही म्हटलं. ठिपका पाहून पोलीस घरी आले, असं शपथेवर सांगणारं कोणी नाही.

मी तुझ्याकडे मागत नाही. अंकितचा पेपर नुकताच झाला, मला कळतं. काय चाललंय ते सांगितलं, इतकंच.

तुझी,
प्रेरणा


आष्टी,
२४ जुलै २०२४

प्रेरणा,

तू मागत नाई म्हणते, अन् पत्रभर मागतेच.

अंकितले पत्र वाचून दाखवलं. तो ताटावरून उठला.

"आई, तू त्या कागदावर सही केली का माह्यं संपलं."

"तुह्या वर्दीसाठी मी खोटं नाई बोलणार."

"खोटं बोल म्हणतो का मी? चूप राह्य म्हणतो."

"चूप राह्यली म्हून तं घरच्या पोरीले खोटं लिहिलं म्या. रंग देऊन राह्यलो म्हणे! तुह्या बापानं आइकलं असतं तं काय म्हटलं असतं?"

"बापाले मधात आणू नको. तो गेला. भरती माही हाय."

"अन् वर्दी घालून तू काय करशीन? असाच कोणाच्या आंगणात जाऊन म्हातारीले नावं इचारशीन?"

हे माह्या तोंडातून जास्तीचं गेलं. तो गाडी काढून निंगून गेला. तवापासून माह्याशी बोलत नाई. ताट झाकून ठेवते, कवा जेवते माहीत नाई.

मले राग पोरावर नाई. त्या माणसाईवर हाय. माह्या घरात माय-लेकात जळता इस्तो टाकून गेले अन् वरतून पाणी पिऊन गेले. बुधवारच्या पहिल्या गाडीनं येते. तुह्या सरिताताईले सांगून ठेवजो. सही नाई, अंगठा मागतला तं तोही देईन.

आत्या


नाचणगाव,
२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

अट रद्द झाली. मागच्या आठवड्यात आदेशाची प्रत हातात आली.

तू प्रतिज्ञापत्र देऊन गेलीस, त्यानंतरच्या तारखेला साहेब आला होता. जवळून पाहिला. साधा माणूस आहे, पोट सुटलेलं, हातात तोच फोन. न्यायाधीशांनी विचारलं, दवाखान्याचा मेसेज कशासाठी? तो म्हणाला, "महिलेच्या सुरक्षेच्या दृष्टीनं चौकशी केली." न्यायाधीश म्हणाले, "त्यांनी सुरक्षा मागितली होती?" तुझ्या घरी कोणाला पाठवलं, याची नोंद ठाण्यात कुठंच नाही. कोणी आलंच नव्हतं म्हणे. मग तुझं पाणी कोण प्यायलं?

त्याला शिक्षा वगैरे काही झाली नाही. कौशल्याबाईंच्या मारहाणीची तक्रार सरिताताईंनी वर पाठवली आहे. चौकशी चालू आहे, असं उत्तर येतं. भट्ट्याही चालू आहेत.

कोर्टाच्या बाहेर चिंचेखाली उभी राहून मी लोकेशन बंद केलं. मला वाटलं होतं, खूप मोकळं वाटेल. परवा बाजारात एका ठिकाणी थांबले आणि मनातल्या मनात उत्तर तयार करत होते: वांगी घ्यायची होती, सर. आत्या, मी कोणाची चोरी केली नाही, आणि माझ्या डोक्यात हा माणूस बसवून दिला त्यांनी! तो कोणत्या आदेशानं उतरवायचा?

आंजीला जाऊन कौशल्याबाईंना आदेश वाचून दाखवला. हात वाकडाच जुळलाय. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुमचा फोन सुटला बाई. माह्या घराचा पत्ता तं त्याईच्या ध्यानात राह्यलाच ना?"

तिला काय सांगायचं? तुला सुचलं तर लिही.

अंकित बोलायला लागला का?

तुझी,
प्रेरणा


आष्टी,
२० डिसेंबर २०२४

प्रेरणा माय,
आशीर्वाद.

तुह्या कौशल्याबाईले काय उत्तर द्यावं हे मलेही सुचलं नाई, म्हून इतके दिवस लिहिलं नाई. आता काई घडलं, म्हून लिहून राह्यली.

अंकितचं नाव यादीत आलं. पेढे वाटले. त्याच्याबरोबरच्या पोट्ट्याईची पडताळणी झाली, ते ट्रेनिंगलेही गेले. याचा कागद कोठी अडकला कोणी सांगत नाई. दोनदा जाऊन आला. "अहवाल यायचा आहे," एवढंच म्हणतात. मले तो काई म्हणे नाई, पण घरात पायताण काढे ते आपटूनच.

मागच्या शुक्रवारी ते दोघं पुन्हा आले. तेच. आता तुह्या फोनात ठिपका नाई, काई नाई, तरी आले. रस्ता तं पाठ झालता. म्हणे, "काकू, तो कोर्टातला कागद वापस घ्या, पोराचं काम होऊन जाईन."

म्या बाज बाहेर काढली, त्याच्यावर बसली अन् मोठ्यानं हाका मारून सारी गल्ली गोळा केली. म्हटलं, "आता बोला. सगळ्याईसमोर बोला. कोणत्या आदेशानं आले? कागद दाखवा. नाव सांगा." एक म्हणे, "काकू, आम्ही तं असंच, ओळखीनं." म्हटलं, "मले तुमचं नावही माहीत नाई, ओळख कायची?"

अंकित आत होता. मले वाटलं, आता हा मलेच चूप बसवते. तो बाहेर आला, माह्या बाजूनं उभा राह्यला अन् म्हणे, "आईनं इचारलं त्याचं उत्तर द्या." पाच महिन्यांत पह्यल्यांदा त्याच्या तोंडातून आई निघालं. त्याईनं गाडीले किक मारली. शेजारचे पोट्टे गाडीचा नंबर लिहून राह्यलते.

संध्याकाळी त्यानं कोरा कागद घेतला. माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून राह्यला: माह्या पडताळणीचा अहवाल कोणाकडं हाय, कायले रोखला, अन् मार्च महिन्यात माह्या घरी कोणाले, कोणाच्या हुकमानं पाठवलं. म्या म्हटलं, "बाबू, इचार कर. यानं वर्दी जाईन तुही." तो म्हणे, "गेलीच हाय समज."

मंग खाली नाव लिहिलं. पत्ता लिहाले लागला. घर नंबर, वार्ड, बुद्धविहाराच्या मांगं, आष्टी, तालुका, जिल्हा, सारं काई. म्या म्हटलं, एवढं कायले, नाव पुरे नाई का? तो मान वर न करता म्हणे, "लिहू दे आई. मी कोठी राह्यतो ते आता मीच सांगतो त्याईले."

सोमवारी दोघं जाऊन पोस्टात टाकून आलो.

तुही आत्या,
सुलोचना